थकवा मोजता येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. थायरॉइडच्या पेशंटचं जगणं प्रश्नावलीने मोजण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा की टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड मंदावला की ते वाढतं) रक्तात असतो, थकवा मनात. आज घरात भांडण झालं की उद्या कागदावर थकवा वाढणार, मग याला मोजमाप कसं म्हणायचं?

भांडणाचा परिणाम होतो, हे खरंच. म्हणूनच डेन्मार्कमध्ये तयार झालेली 'थायप्रो' ही प्रश्नावली नुसतं "आज कसं वाटतंय?" असं विचारत नाही. गेल्या चार आठवड्यांत हातपाय सुजले का, कातडी कोरडी पडली का, थंडी सोसवली नाही का, असे सुटे सुटे 85 प्रश्न असतात. 'अजिबात नाही'पासून 'खूपच'पर्यंत पाच पर्याय. थकव्याबद्दलही एकच प्रश्न नसतो, त्यामुळे एखादं उत्तर इकडेतिकडे झालं तरी सगळं चित्र बदलत नाही. आणि टीएसएच तरी कुठे एका जागी बसतो? रात्री चढतो, दुपारी उतरतो. लॅबमध्ये उभं आयुष्य काढलेल्या तुम्हाला हे मी काय सांगायचं!

पण प्रश्नावली पेशंटच्या कलाने चालते, असं तुम्ही धरूनच चाललात, ते मला मान्य नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली युरोपातली 'ट्रस्ट' चाचणी बघा. टीएसएच किंचित वाढलेली, 65 किंवा त्याहून जास्त वयाची 737 माणसं. काहींना लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी), काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. वर्षभराने औषधवाल्यांचा टीएसएच सरासरी 3.63 वर आला, बाकीच्यांचा 5.48 राहिला. रिपोर्टच्या हिशोबाने औषध लागू पडलं. थायप्रोत मात्र लक्षणांच्या गुणांत 100 पैकी 0.2 चा बदल, तोही दोन्ही गटांत सारखाच. थकव्यातही दखल घ्यावी असा फरक नाही. नुसता टीएसएच बघितला असता, तर या आजीआजोबांच्या मागे जन्मभराची गोळी लागली असती. (हा निष्कर्ष फक्त अशाच पेशंटांपुरता आहे. हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नका, कळकळीची विनंती.)

याची दुसरी बाजू माझ्या मावशीकडे बघून कळते. टीएसएच कधीचा नॉर्मल. डॉक्टरांनी "कशा आहात?" विचारलं की "बरी आहे" म्हणून मोकळी होते. घरी मात्र जिन्यात मध्येच टेकते, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते तिच्या लक्षात राहत नाही. एकेक गोष्ट नेमकी विचारल्याशिवाय ती हे कुणाला सांगणार नाही.

एका पेशंटने एकदाच भरलेल्या फॉर्मवरून डोस बदलू नये, हे तुमचं म्हणणं मात्र पूर्ण पटलं. थायप्रो त्रास किती ते सांगते, कारण सांगत नाही. हिमोग्लोबिन, बी-12, झोप, मनाची अवस्था हे सगळं वेगळं तपासावंच लागतं. तुमच्या लॅबमध्ये रिपोर्ट नॉर्मल आल्यावर "मग मला असं का होतंय?" विचारणाऱ्यांना तुम्ही काय सांगायचात? तेही जरूर लिहा.