दिवा ‘उघडणारे’ विद्यार्थी : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली. त्याच दिवशी उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला पटला होता आणि उरलेल्यांवर मनात वाद चालू होता. तुम्ही चाळीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलंत, आणि इतक्या बारकाईने लेख वाचलात. दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटलं नसतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी सिंगापुरात राहते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी चीनहून कामासाठी आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवते. ‘ओपन’ या एका साध्या शब्दाशी त्यांची किती झटापट होते, यावर तो लेख होता. सरांचे आक्षेप असे : ‘ओपन’चे सगळे अर्थ शब्दकोशात आहेत, ती यादी पाठ करून घेतली की प्रश्न संपतो. दिवा लावायला सांगताना माझे विद्यार्थी म्हणतात ते ‘ओपन द लाईट’ ही सरळ चूक आहे, तिला तर्क चिकटवणं म्हणजे विद्यार्थ्याचे लाड. विजेच्या वस्तूंना ‘ओपन’ चालत नाही हे माझं विधान चुकीचं आहे. ‘उघडणं’ या अर्थाचा चिनी शब्द ‘काय’ असताना मी तो ‘खाय’ लिहिला. आणि शेवटी, मराठी वाचकाला या सगळ्याचं काय?

आधी पटलेला मुद्दा. विजेच्या वस्तूंना इंग्रजीत ‘ओपन’ लागतच नाही, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ‘ओपन सर्किट’ची आठवण करून दिलीत. विधान चुकलंच, आणि ते दुरुस्त करते आहे. पण तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्या विद्यार्थ्यांची अडचण किती खोल आहे हेच दाखवतं. इंग्रजीत स्विच ‘ओपन’ असतो तेव्हा दोन टोकं एकमेकांपासून दूर असतात, प्रवाह थांबलेला असतो, म्हणजे दिवा बंद. चिनीत दिवा लावण्याला ‘खाय तंग’ म्हणतात, शब्दशः ‘दिवा उघड’. स्विचला तर ‘खायक्वान’ म्हणतात, म्हणजे ‘उघड-बंद’, आणि त्यातल्या ‘उघड’ बाजूला दिवा पेटतो. माझ्या वर्गात एक इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांना दिवसभर इंग्रजी आकृत्या वाचाव्या लागतात, तिथे ‘ओपन’ म्हणजे अंधार. घरी बायकोला ते ‘खाय तंग’ म्हणतात, तिथे तोच शब्द म्हणजे उजेड. यादी त्यांना काय मदत करणार, सांगा.

इथून मी यादीच्या मुद्द्याकडे येते, कारण माझा सगळा भर त्यावरच आहे. शब्दकोशातली यादी शब्द कुठे कुठे जातो ते सांगते. दार, डोळे, पुस्तक, खातं, रस्ता, प्रश्न, सगळं तिथे मिळतं. तो कुठे जात नाही, हे मात्र यादीत सहसा नसतं. ‘ओपन दिव्याबरोबर येत नाही, गाडी चालवण्याला येत नाही, पाणी उकळण्याला येत नाही, थट्टेला येत नाही’, असं सगळं कोणता शब्दकोश छापेल? छापायचं ठरवलं तर ते संपणारही नाही. आणि शिकणाऱ्याची चूक नेमकी त्या न छापलेल्या जागी होते. ती जागा त्याच्या आईच्या भाषेत असते. म्हणून शिकवणाऱ्याला तिथे डोकावावं लागतं.

‘खाय’चा पसारा बघा. ‘खाय मन’ म्हणजे दार उघडणं. ‘खाय छ’ म्हणजे गाडी चालवणं. ‘श्वेइ खाय ल’, शब्दशः ‘पाणी उघडलं’, म्हणजे पाण्याला उकळी आली. ‘खाय ह्वेइ’ म्हणजे बैठक घेणं, ‘खाय याव’ म्हणजे डॉक्टरने औषध लिहून देणं, ‘खाय ताव’, शब्दशः ‘सुरी उघडणं’, म्हणजे शस्त्रक्रिया. ‘खाय वानश्याव’ म्हणजे थट्टा करणं. आणि ‘खायशिन’, ‘हृदय उघडलेलं’, म्हणजे आनंदी. या शब्दाचं जुनं, पारंपरिक अक्षर अजून तैवान आणि हाँगकाँगमध्ये लिहितात. त्यात दाराची दोन पाखं आहेत, आत अडसर आहे आणि तो काढणारे दोन हात. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकात अक्षरं सोपी केली गेली तेव्हा दाराची चौकट गेली, अडसर आणि हात तेवढे उरले. मला ते अक्षर बघताना अर्थ समजल्यासारखा वाटतो : अडलेलं होतं, अडसर काढला, आता वाहू दे. वीज वाहू दे, गाडी धावू दे, पाणी उसळू दे, मन मोकळं होऊ दे.

इंग्रजी ‘ओपन’चा मूळ पीळ वेगळा आहे. त्याला सहसा आत काहीतरी लागतं, जिथे पोचता यावं किंवा जे दिसावं. बाटलीला आत आहे, पाकिटाला आहे, डोळ्याला आहे, कॉम्प्युटरवरच्या फाईललाही आहे, म्हणून ‘ओपन द फाईल’ अगदी बरोबर. दिव्याला तसं आत नाही. ‘ओपन द कॉम्प्युटर’ म्हटलं तर इंग्रजी ऐकणारा स्क्रूड्रायव्हर आणायला जाईल. दिव्यासाठी इंग्रजीने ‘टर्न ऑन’ घेतलं ते नळ आणि गॅसची चावी फिरवण्यावरून. वीज आली, बटणं दाबायची वेळ आली, तरी ‘फिरव’ राहिलं. मग सांगा, दिवा ‘फिरवणारा’ इंग्रज शहाणा आणि दिवा ‘उघडणारा’ चिनी अडाणी, असं कसं म्हणायचं? दोघांच्या भाषेत एक एक जुनी गोष्ट गोठून बसली आहे.

आता मराठी वाचकाला याचं काय, तर सर, आपलं ‘लावणं’ घ्या. दार लाव म्हटलं की दार बंद होतं. दिवा लाव म्हटलं की दिवा सुरू होतो. गाडी लाव म्हटलं की गाडी थांबते. कुकर लाव, गजर लाव, गाणं लाव, झाड लाव, नाव लाव, हळद लाव. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ही यादी देऊन बघा. एकाच क्रियापदाने दार बंद होतं आणि टीव्ही सुरू होतो, हे तो पाठ करून कसं पेलेल? पण त्याला सांगितलं की ‘लावणं’ म्हणजे मुळात ‘लागेल असं करणं’, एक वस्तू दुसरीला भिडवणं, तर दार चौकटीला भिडतं, ज्योत वातीला भिडते, गाडी रस्त्याच्या कडेला लागते. सगळं उलगडत नाही, पण धरायला दोरी मिळते. चिनीतलं ‘खाय’ आणि मराठीतलं ‘लाव’ शेजारी ठेवले तर दिव्यापाशी दोघं एकत्र येतात, आणि दार व गाडी यांच्यापाशी बरोबर उलटे जातात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं ती संध्याकाळ अजून आठवते. मी फळ्यावर तिन्ही भाषांच्या तीन रांगा काढल्या, आणि एरवी गप्प बसणारे माझे विद्यार्थी मला ‘लाव’बद्दल प्रश्न विचारायला लागले. आपल्या चुकीसारखीच चूक बाईंच्या भाषेतही दडली आहे, हे कळल्यावर त्यांची भीड चेपली.

तुम्ही म्हणता, चूक ती चूक. मी चूक चालवून घेत नाही, सर. ‘ओपन द लाईट’ वहीत दिसलं की मी खोडते आणि ‘टर्न ऑन’ लिहून घेते. हे वाक्य सिंगापूरच्या बोलीत ऐकू येतं, फिलिपिन्समध्येही येतं, तिथल्या बाजारात कुणी अडखळत नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांना नोकरीच्या अर्जात आणि कामाच्या ईमेलमध्ये प्रमाण इंग्रजी लागतं, तेव्हा खोडणं भागच आहे. माझं म्हणणं इतकंच की खोडण्याआधी ती चूक कुठून आली ते बघावं, नाही तर ती दुसऱ्या दारातून परत येते. दिवा सुधारला तर पंखा राहतो, पंखा सुधारला तर ‘ओपन द कार’ येतं.

आणि ज्या चुका दिसतच नाहीत त्यांचं काय? एकाने अहवालात लिहिलं होतं, ‘वी ओपन्ड अ मीटिंग यस्टर्डे.’ व्याकरण स्वच्छ आहे. स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्राने खाली रेघ मारली नाही. शब्दकोशातही ‘ओपन अ मीटिंग’ सापडेल. पण इंग्रजीत त्याचा अर्थ बैठकीची सुरुवात करून देणं असा होतो, जसं अध्यक्ष करतात. त्याला म्हणायचं होतं की आमची बैठक झाली. यादीने इथे त्याला फसवलं, कारण यादीत जोडी आहे. मला अशा चुकांची जास्त काळजी वाटते. दिवा उघडणाऱ्याला लोक हसतात आणि सुधारतात, बैठक उघडणाऱ्याला कुणी काही सांगत नाही, फक्त गैरसमज होतो.

‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ची जोडी तर कुणालाही छळते. दुकान ‘ओपन’ असतं, पण बंद असताना ‘क्लोज्ड’, शेवटी ड. माझे विद्यार्थी नियम लावून ‘द शॉप इज ओपन्ड’ लिहितात. आपल्याकडे उलट नियम लावून पाटीवर ‘क्लोज’ रंगवतात. दोघांचा तर्क सरळ आहे, वाकडी आहे ती इंग्रजी. ‘ओपन’ हे तिचं जुनं घरचं विशेषण आहे, क्रियापद त्यातून नंतर निघालं. ‘क्लोज’ फ्रेंचांकडून आलं ते क्रियापद होऊन, त्यामुळे स्थिती सांगायला त्याला ड जोडावा लागतो. बिनडाचं ‘क्लोज’ विशेषण म्हणून ‘जवळचं’ या अर्थाला गेलं. हे सांगितल्यावर पाटीची चूक पुन्हा होत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

वाक्प्रचारांत मात्र कधी कधी अनपेक्षित सोबत मिळते. ‘ओपन सीक्रेट’ला चिनीत ‘कुंगखाय द मीमी’ म्हणतात, त्यातही ‘खाय’ आहे, आणि आपलं ‘उघड गुपित’ तर आहेच. तिथे शिकवायला काही उरत नाही. ‘ओपन फायर’ही तसंच, चिनीत ‘खाय ह्वो’, अक्षरशः तेच. पण ‘ओपन टू’ आलं की पुन्हा पायाखालची जमीन सरकते. ‘शी इज ओपन टू क्रिटिसिझम’ ही स्तुती, ती टीका ऐकून घेते. ‘हर आर्ग्युमेंट इज ओपन टू क्रिटिसिझम’ हा दोष, तिच्या युक्तिवादावर टीका करता येते. शब्द तेच, कर्ता बदलला आणि अर्थ पालटला.

‘ओपन पर्सन’चा प्रसंग मूळ लेखात लिहायचा राहिला होता. स्वतःचं वर्णन करा असा सराव होता, आणि पन्नाशीच्या एक बाई ‘ओपन’ हा शब्द काही केल्या वापरेनात. त्यांच्यासाठी त्याचं भाषांतर होतं ‘खायफांग’. हा शब्द त्यांनी तरुणपणापासून ऐकलेला, कारण १९७८ च्या शेवटी चीनने जे आर्थिक धोरण धरलं त्याच्या नावातच तो आहे : ‘कायक खायफांग’, सुधारणा आणि खुलेपण. देशाला लावला तर अभिमानाचा. पण बाईमाणसाला ‘खायफांग’ म्हटलं तर तिच्या चालचलणुकीवर बोट ठेवल्यासारखं होऊ शकतं. त्या बाई इंग्रजीत कच्च्या नव्हत्या. स्वतःची अब्रू सांभाळत होत्या. ही गोष्ट मला कोणत्याही यादीत सापडली नसती, त्यांना विचारलं म्हणून कळली.

‘खाय’च्या लेखनाबद्दल थोडंच लिहिते. रोमन लिपीतली चिनी, म्हणजे पिनयिन, १९५८ मध्ये अधिकृत झाली. त्यात ‘के’ हे अक्षर महाप्राण ख साठी आहे आणि आपल्या साध्या क साठी ‘जी’ वापरतात. इंग्रजी नजरेने वाचलं की ‘काय’ दिसतं, पण उच्चार ‘खाय’च्याच जवळचा. म्हणूनच वर ‘कायक खायफांग’मध्ये पहिल्या शब्दात क आहे आणि दुसऱ्यात ख. क-ख, त-थ, प-फ हा भेद आपल्याला बाराखडीतच मिळाला आहे, तो देवनागरीत लिहिताना का सोडायचा?

दुरुस्तीचं वाक्य मूळ लेखात आज घालते, तुमच्या ‘ओपन सर्किट’च्या उदाहरणासह. आणि एक विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या मुलांनी चाळीस वर्षांत ‘दार लाव’ आणि ‘दिवा लाव’ची इंग्रजी कशी कशी केली, ते आठवेल तेवढं कळवाल का? चुकलेलंच हवं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना तिसरी रांग पूर्ण करून दाखवायची आहे.