रक्तातलं गणित आणि सुटे पैसे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. अमेरिकेत कुणा मराठी माणसाचं दुकानात ६ डॉलर ३० सेंट बिल झालं. त्याने ११ डॉलर ३० सेंट काढून दिले, म्हणजे पाचाची सरळ नोट परत मिळेल. काउंटरवरची मुलगी गोंधळली, वरचे पैसे परत करू लागली, शेवटी मॅनेजरला बोलवावं लागलं. मग निष्कर्षांची माळ: आपली अडाणी भाजीवालीसुद्धा तोंडी हिशेब करते, गणित आपल्या रक्तातच आहे, आपल्या भाषा गणिताला अनुकूल आहेत, त्यांच्या नाहीत, ॲमेझॉनच्या जंगलात तर पाचापुढे मोजता न येणारी माणसं आहेत, म्हणजे अंकांची जाण वंशागणिक वेगळी. शेवटी वैदिक गणित, शकुंतलादेवी आणि तिरंगा.

मी वडिलांच्या किराणा दुकानात बरीच वर्षं गल्ल्यावर बसलोय. त्यामुळे हा संदेश आला की हात शिवशिवतात.

आधी ती मुलगी. ती गोंधळली असेल, मला पटतं. पण वर सुटे देण्याची ही सवय आपल्याला लागली कशी? सुट्यांच्या टंचाईतून. एसटीचा कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, दुकानदार दोन रुपयांऐवजी चॉकलेट टेकवतो, आणि ‘तीन रुपये वर आहेत का?’ हे वाक्य मी दिवसातून पन्नासदा म्हटलं असेल. तिकडे गल्ल्यात नाणी भरलेली असतात, बाकी किती ते यंत्र सांगतं, आणि पाळी संपताना गल्ला जुळवून द्यायचा असतो. ‘वरचे घ्या’ हे तिने फारसं ऐकलेलंच नसणार. शिवाय यंत्र येण्याआधी तिकडचे दुकानदार बाकी कशी देत? वजाबाकी न करता, चढत्या क्रमाने मोजून. ६.३० च्या बिलाला दहाची नोट आली की वीस सेंट ठेवायचे, ‘साडेसहा’; पन्नास ठेवायचे, ‘सात’; मग एकेक डॉलर, ‘आठ, नऊ, दहा’. ही रीत मी आमच्या गल्ल्यावर वापरून पाहिली. गर्दीत चुका कमी होतात, आणि गिऱ्हाईकही सोबत मोजतं.

आता भाजीवाली. तिचं कौतुक मलाही आहे, पण ती करते काय ते जवळून बघा. गवार ती ‘वीस रुपये पाव’ सांगते. सव्वा किलो मागितली की ऐंशी गुणिले एक पूर्णांक एक चतुर्थांश असलं काही तिच्या डोक्यात येत नाही. पाच पाव, शंभर. निम्मं गणित भाव सांगतानाच उरकलेलं असतं. आमच्या आजोबांची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकत होती, कारण रुपयाचे सोळा आणे होते आणि शेरापासून छटाकापर्यंत सगळं पाव-अर्ध्याने चालायचं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि हळूहळू ते पाढे शाळेतून गेले. रक्त तेच राहिलं, दिडकी मात्र गेली. आज औटकी (साडेतीनचा पाढा) म्हणजे काय, हे ग्रुपवर विचारा आणि गंमत बघा. इंग्रजांची पोरंही फेब्रुवारी १९७१ पर्यंत बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असा हिशेब घासतच होती.

आणि असा तोंडी हिशेब ही काही भारताची मिरास नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एकाला विचारलं, ३५ चा एक नारळ, तर दहाचे किती? पोरगा म्हणाला, तीनचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार हवेत, म्हणजे ३१५... ३५० होतील. दहाने गुणताना शून्य जोडायचं, हे त्याच्या गावीही नाही. तीन नारळांचा भाव मात्र तोंडावर. अशा विक्रीच्या हिशेबांत मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांत दिली तर ७४ टक्के, आणि कागदावर नुसती आकड्यांत मांडून दिली तर ३७.

भाषेचा मुद्दा तर संदेशाच्याच अंगावर येतो. चिनी भाषेत त्रेसष्टला ‘सहा-दहा-तीन’ म्हणतात. दहा अंक आणि दोन-चार शब्द आले की शंभरापर्यंतचं काम झालं. कानडीत ‘अरवत्तमूरु’, साठ आणि तीन, लिहितो त्याच क्रमाने. मराठीत आधी तीन, मग साठ, तेही जोडाक्षरात विरघळलेले. इंग्रजी माध्यमातल्या कुठल्याही मराठी मुलाला एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतला फरक विचारा. मोबाइल नंबर तर आपण सगळेच ‘नाईन एट टू टू’ करून सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात मंगला नारळीकरांच्या समितीने ‘साठ तीन’ हा पर्याय दिला, तेव्हा मराठी बुडाल्यासारखा गहजब झाला. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही होती. अर्थात भाषेने पुढचं नशीब ठरतं असंही नाही. फ्रेंच लोक नव्याण्णवला ‘चार-वीस-एकोणीस’ म्हणतात आणि गणितातली फील्ड्स पदकं खोऱ्याने मिळवतात.

जंगलातल्या माणसांविषयी जे पसरवलं जातं ते अर्धवट आहे. ॲमेझॉनमधल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचापर्यंतच संख्याशब्द आहेत, आणि तेही ‘साधारण पाच’ अशा अर्थाने वापरतात. २००४ साली पिएर पिका, स्तानिस्लास देहाने या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना वीस ते ऐंशी ठिपक्यांचे दोन पुंजके दाखवून जास्त कुठे ते विचारलं. ते जवळपास फ्रेंच लोकांइतकेच अचूक निघाले. डब्यात सहा ठिपके गेले, चार बाहेर आले, नेमके किती उरले, इथे ते अडखळले. म्हणजे अंदाजाची जाण सगळ्यांची सारखी. नेमकं मोजायला शब्दांची माळ लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. संदेशात याच संशोधनातून वंश कसा निघाला, देव जाणे.

शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तेरा-तेरा अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला. थक्क करणारं आहेच. त्याआधी चार वर्षं विम क्लाइन या डच माणसाने ५०० अंकी संख्येचं ७३ वं मूळ तीन मिनिटांच्या आत तोंडी काढलं होतं. त्यावरून डच भाजीवाल्यांबद्दल काही सिद्ध होत नाही. वैदिक गणिताचं पुस्तक १९६५ चं, लेखक भारती कृष्णतीर्थांच्या निधनानंतर निघालेलं; त्यातली सूत्रं अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय.

सरासरी बघायची असेल तर तीही बघू. प्रौढांच्या आकडेकौशल्याच्या, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत (२०२३) अमेरिकेचे गुण २४९, सरासरी २६३. इथवर संदेशवाले खूश. सर्वांत वर मात्र फिनलंड २९४, म्हणजे गोरेच, आणि त्याखाली जपान २९१. भारत या पाहणीत नाही. आपण पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत एकदाच उतरलो, हिमाचल आणि तमिळनाडू घेऊन, आणि ७४ देश-प्रदेशांत ७२ वे-७३ वे आलो. पुन्हा गेलो नाही. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.३ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकीने भागता आलं.

मग आपल्या बाजारातलं गणित खोटं का? मुळीच नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं तपासली. निष्कर्ष २०२५ मध्ये आले. गुंतागुंतीचा हिशेब जवळपास सगळी पोरं गल्ल्यावर बिनचूक करत होती, पण तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडत होती. जवळच्या शाळांतली, कधी काही न विकलेली ४७१ मुलंही घेतली होती. त्यांना कागदावरची सोपी गणितं बरी यायची. पण बाजारातलं जे गणित एक तृतीयांशाहून जास्त कामकरी पोरांनी सोडवलं, ते यांच्यातल्या फक्त एक टक्क्याला जमलं. आमच्या ग्रुपवर संदेश पुढे ढकलणारे झाडून सगळे या दुसऱ्या गटातले आहेत.