तीन दिवसांचा हिशेब सगळ्यांना लागू नाही

‘झोपेची गोळी तीन दिवसांत लघवीतून निघून जाते’ हे ड्रग टेस्टवरच्या लेखातलं सरसकट विधान पटलं नाही. मी बेलापूरला लॅबमध्ये असते, बोटीवर नोकरीला जाणाऱ्या मुलांचे लघवीचे नमुने ड्रग टेस्टसाठी आमच्याकडे येतात. आधी गोळी कुठली ते बघा. झोलपिडेमचं अर्धायुष्य (म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 2-3 तास, नेहमीच्या बेन्झोच्या (बेन्झोडायझेपिन, म्हणजे अल्प्राझोलाम-डायझेपामच्या गटातल्या गोळ्यांच्या) झटपट चाचणीच्या पट्टीवर ते दिसतही नाही. अल्प्राझोलामचं साधारण 11 तास. डायझेपाम मात्र चिवट! यकृतात त्याचं नॉरडायझेपाम होतं, त्याचं अर्धायुष्य 100 तासांपर्यंत जातं. महिनोन्महिने घेणाऱ्याच्या लघवीत गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांनीही ते सापडू शकतं. उलट क्लोनाझेपाम स्वस्तातल्या पट्टीवर बरेचदा निसटतं.

काही जण बाटलीभर पाणी ढोसून येतात. मग क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा, शरीरातला टाकाऊ पदार्थ) कमी येतं, नमुना पातळ ठरतो आणि पुन्हा फेरी पडते. त्यापेक्षा डॉक्टरची चिठ्ठी सोबत आणा, गोळीचं नाव फॉर्मवर आधीच लिहा, पट्टी पॉझिटिव्ह आली तर जीसी-एमएसने (नेमकं औषध ओळखणाऱ्या लॅबमधल्या अचूक तपासणीने) खात्री करून मागा. आणि टेस्टच्या धास्तीने रोजची गोळी एकदम तोडू नका हो, फिट येऊ शकते. कमी कशी करायची ते डॉक्टरच सांगतील.