तीनशे मासे, एक टाकी आणि मामांची मुदतठेव

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातून मामांचा फोन आला. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, कुठं मिळतील, हे त्यांना विचारायचं होतं. माशांच्या पाण्यावर भाजी वाढवायची, म्हणजे अॅक्वापोनिक्सचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता. ‘गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवा, त्याच दिवशी तीनशे मासे सोडा, वर भाजी लावा. खत नको, पाणी बदलायला नको, रात्री पंप बंद. महिन्याला पंचवीस हजार!’ मामा मुदतठेव मोडायला निघाले होते. ‘सगळं लिहिलंय की त्यात,’ म्हणाले. त्यातलं बहुतेक सगळं चूक आहे, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक म्हणजे ‘त्याच दिवशी मासे सोडा’. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि झाडाला हवा असतो मुख्यतः नायट्रेट. मधलं काम जिवाणू करतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. अमोनियासारखंच नायट्राइटसुद्धा माशाला विषच. हे जिवाणू खडीवर, पाइपांच्या आत बसून वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासे असले, तर ते स्वतःच्याच घाणीत मरतात.

त्यात आपलं सोलापूर. मामांच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला आतून पांढरा थर चढलाय, नखानं खरवडला तरी निघत नाही. कागदी पट्टी बुडवली, तर सामू (pH) आठ. तीस अंश तापमानाला सामू सात असेल, तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. आठ झाला की तोच भाग सात-आठ टक्क्यांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत जवळपास दहापट विष. थंड हवेच्या गावात निभावून गेलेली चूक इथं निभत नाही.

‘रात्री पंप बंद’ वाचून तर माझा संतापच झाला. मे महिन्यात पारा 43-44 वर असताना गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ दुपारी सोडून बघा, हात मागे घ्यावा लागतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, पस्तीसला जेमतेम सात. माशांना आणि जिवाणूंना पाचाच्या वर हवाच. दाटीच्या टाकीत पाणी फिरवून हवा मिसळणारा पंप बंद केला, तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतील आणि सकाळी उलटे तरंगतील. लाइट जाते म्हणून उलट बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्यावा लागतो.

आता ते तीनशे मासे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2014 मध्ये घरगुती अॅक्वापोनिक्सवर सविस्तर पुस्तक काढलंय. त्यात हजार लिटरला जास्तीत जास्त वीस किलो मासे, दिवसाला दोनशे ग्रॅम खाद्य आणि चार चौरस मीटर वाफा, असं गणित दिलंय. अर्ध्या किलोची चिलापी धरली, तर चाळीस मासे. तीनशे मासे वाढले, तर दीडशे किलो होतील!

पैशाचंही यातच कळतं. वीस किलो मासे व्हायला सहा-आठ महिने लागतात. किलोला दोनशे रुपये धरले, तरी एकूण चार हजार. चार चौरस मीटरवरची पालक-मेथी घरात खायला पुरेल. पंचवीस हजार कुठून येणार?

‘मांगूर सोडा, तो मरत नाही’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे. विषय संपला.

खताचं अर्धं खरं आहे. नत्र माशांकडून मिळतो, पण लोह, पोटॅश, कॅल्शियम कमी पडतं. जड पाण्यात तर लोह असूनही झाड ते उचलत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाण्याचंही तसंच. मातीतल्या शेतीपेक्षा पाणी खूप कमी लागतं, हे मान्य करावंच लागेल. पण रोज दहा ते तीस लिटर भर घालावीच लागते, आणि आपल्याकडे नळाला पाणी काही रोज येत नाही. तेही क्लोरीनचं, म्हणून एक-दोन दिवस उघड्या पिंपात ठेवूनच टाकीत घालायचं.

मामांना एवढंच म्हटलं, ‘टाकी घ्या, पण पांढरी, आणि वर शेडनेट बांधा. मासे ऑगस्टमध्ये.’ ठेव मोडली नाही. टाकीत सध्या नुसतं पाणी फिरतंय, त्यातून अमोनिया होऊन जिवाणू वाढावेत म्हणून मामा रोज चिमूटभर माशांचं खाद्य कुजायला टाकतात आणि अमोनियाच्या टेस्ट किटचा फोटो पाठवतात. काल नळीतलं पाणी गडद हिरवं होतं, म्हणजे अमोनिया भरपूर. ते पिवळं, म्हणजे अमोनिया शून्य, होईपर्यंत आणि नायट्राइटही शून्यावर येईपर्यंत एकही बोटुकली आणायची नाही, असं ठरलंय.