इन्सुलिनच्या सिरिंजबद्दल पण लिहा
औषध देताना होणाऱ्या चुकांवरच्या तुमच्या लेखात, डॉक्टरांचं अक्षर वाचता येत नाही म्हणून चुका होतात असं लिहिलंय ते बरोबरच, पण मी सांगलीत वॉर्डला सिस्टर आहे आणि मला जास्त भीती इन्सुलिनची, म्हणजे शुगर उतरवायच्या इंजेक्शनची वाटते. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटवालं पण येतं आणि १०० वालं पण, सिरिंज दोन्हीच्या वेगळ्या, लाल टोपणाची ४० ची, केशरी १०० ची, आणि १०० वालं ४० च्या सिरिंजमध्ये भरलं की डोस सरळ अडीचपट जातो, शुगर एकदम उतरून पेशंट बेशुद्ध पडू शकतो. म्हणून कितीही घाई असूदे, दोन सिस्टरनी बघूनच द्यायचं. आणि नातेवाईकांनो प्लीज, पेशंट मिरजेच्या हॉस्पिटलला हलवताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा हो, "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावर काहीच कळत नाही, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी सांगा.