तिसरा एज रशर कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

काल (२४ एप्रिल २०२५) रात्रीपासून आपल्या न्यू जर्सीच्या सगळ्या ग्रुपांवर एकच रडगाणं चालू आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (कॉलेजातून खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात) न्यू यॉर्क जायंट्सनी तिसऱ्या क्रमांकावर पेन स्टेटचा एज रशर, म्हणजे कडेने घुसून पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडणारा, अब्दुल कार्टर घेतला आणि मंडळी सुरू झाली: "बर्न्स आहे, थिबोडो आहे, आता हा तिसरा कशाला? पिक (निवड) वाया घालवला." तिकडे ग्रीन बेच्या स्टेजवर पोरगं अजून टोपी घालून फोटो काढत होतं, आणि इकडे त्याचा निकालही लावून मोकळे. २०२४ चा मोसम ३-१४ (तीन विजय, चौदा पराभव) असा गेल्यावर चिडायचा हक्क आपल्या सगळ्यांना आहे. पण निदान खेळ बघून चिडा.

२००६ आठवतंय का कुणाला? पहिला पिक ह्यूस्टन टेक्सन्सकडे होता. अख्ख्या गावाला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) रेजी बुश हवा होता, नाहीतर ह्यूस्टनचाच पोरगा, क्वार्टरबॅक व्हिन्स यंग. टीमने ड्राफ्टच्या आदल्या रात्रीच नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या मारिओ विल्यम्सशी करार केला, आणि स्वतःच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्या मुलाचा दोष एवढाच, की तो क्वार्टरबॅकला पाडणारा होता, टचडाउन करणारा नव्हता. काल आपण कार्टरशी वागलो ते यापेक्षा वेगळं नाही.

आता मुद्द्याचं. शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक लाइनपासून मागे उभा असतो ती रचना) स्नॅप झाल्यापासून, म्हणजे बॉल मागे देऊन डाव सुरू झाल्यापासून, साधारण पावणेतीन सेकंदांत बॉल क्वार्टरबॅकच्या हातून सुटतो. रशरला मिळतो तो एवढाच वेळ. समोरचा टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाचा खेळाडू) मागे आणि बाहेर सरकत त्याची वाट अडवतो. रशरने पहिल्या तीन पावलांत टॅकलच्या बाहेरच्या खांद्याशी पोचायचं, हाताच्या फटक्याने त्याचे हात खाली पाडायचे, आतला खांदा जमिनीकडे झुकवायचा आणि घोट्यातून वाकून कोन कापायचा, कारण क्वार्टरबॅक सात-आठ यार्ड मागे उभा असतो. वेग आहे पण वाकता येत नाही, असे खेळाडू कॉलेजात ढिगाने सापडतात. ते क्वार्टरबॅकच्या मागून गोल फिरून निघून जातात आणि समोर मोकळी गल्ली सोडतात. आपल्या डिव्हिजनमध्ये (गटात) जेडन डॅनियल्स आणि जेलन हर्ट्स हे पळणारे क्वार्टरबॅक आहेत. अशी गल्ली दिसली की ते पंधरा यार्ड सहज पळतात.

कार्टर वाकतो. आणि टॅकल बाहेरच्या वेगाला घाबरून जास्त मागे सरकला, की हा गिरकी घेऊन आतून घुसतो. पेन स्टेटमध्ये पहिली दोन वर्षं तो लाइनबॅकर (डिफेन्सिव्ह लाइनच्या मागे उभा राहणारा) होता, पूर्णवेळ एजवर आला तो २०२४ मध्ये, आणि त्या एका मोसमात १२ सॅक (बॉल सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं). सव्वासहा फूट उंच आणि अडीचशे पौंडांच्या आसपास वजन, म्हणजे एजसाठी फार भारी नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) सरळ अंगावर येणाऱ्या रनपुढे, म्हणजे बॉल घेऊन पळण्याच्या डावापुढे, तो कधी कधी मागे ढकलला जाईल. हे मी लपवत नाही.

तिसरा कशाला, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. क्वार्टरबॅकला वाचवायला समोर पाच लाइनमन असतात, आपण चार जण पाठवतो. मध्ये आपला डेक्स्टर लॉरेन्स. २०२४ मध्ये कोपर निखळण्याआधी १२ सामन्यांत ९ सॅक, तेही नोज टॅकलच्या, म्हणजे डिफेन्सिव्ह लाइनच्या अगदी मधल्या जागेवरून! त्याला दोघांशिवाय कुणी थोपवू शकत नाही. म्हणजे उरलेल्या तिघांसमोर एकेकच ब्लॉकर, मदतीला कुणी नाही. तिसऱ्या डाउनला बर्न्स एका कडेला, थिबोडो दुसऱ्या कडेला आणि कार्टर आत, गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूच्या लाइनमनच्या) समोर. गार्डला एवढ्या वेगाची सवय नसते आणि सरकायला बाजूला जागाही नसते. आता कुणाला मदत पाठवाल? रनिंग बॅकला किंवा टाइट एंडला (लाइनच्या कडेला उभा राहून पासही झेलणारा) ब्लॉकला थांबवलं, तर पास झेलायला एक माणूस कमी. एक रशर असला की टीम आपलं सगळं प्रोटेक्शन त्याच्या बाजूला झुकवते. तिघे-चौघे असले की झुकवणार कुठे?

आणि हे पहिल्यांदा घडत नाहीये. ज्या ड्राफ्टमध्ये मारिओ विल्यम्स पहिला गेला, त्याच पहिल्या फेरीत शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर, जायंट्सनी एज रशर मथायस किवानुका घेतला. घरात आधीच स्ट्रेहन होता, उमेनयोरा होता, टक होता, सगळे रशरच. तेव्हाही हाच प्रश्न होता, अजून एक कशाला? उत्तर २००७ च्या मोसमात मिळालं. ३० सप्टेंबरला ईगल्सच्या क्वार्टरबॅक मॅकनॅबला एका सामन्यात १२ वेळा पाडलं, त्यातले ६ सॅक एकट्या उमेनयोराचे. तेव्हाचा डिफेन्सचा कोच स्पॅग्नुओलो पासिंग डाउनला (पासची शक्यता जास्त असते तेव्हा) टकला आत गार्डवर आणायचा. सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, १८-० असलेल्या पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडी याला पाच वेळा लोळवलं आणि १७-१४ ने जिंकलो. किवानुका स्वतः नोव्हेंबरमध्येच पाय मोडून बाहेर बसला होता आणि तरीही रश आटला नाही. जास्तीचे रशर ठेवायचे ते यासाठी.

इतकं जुनं नको असेल तर फेब्रुवारी २०२५ चं घ्या. सुपर बोलमध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याला सहा वेळा पाडलं आणि एकदाही ब्लिट्झ (नेहमीच्या चौघांपेक्षा जास्तीचे रशर) पाठवला नाही. चार जण पुढे, सात मागे पास रोखायला, आणि ४०-२२ ने जिंकले. मला माहीत आहे, तो सामना आपल्यापैकी कुणालाच आठवायचा नाही. आपला जुना रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला ईगल्सच्या त्या हिरव्या जर्सीत ट्रॉफीसह बघणं जिवावर आलं होतं. तुमचा राग तिथून येतो हे मला कळतं, तो खोटा नाही. पण त्या रात्री ट्रॉफी नेली ती ईगल्सच्या डिफेन्सिव्ह लाइनने, आणि त्या लाइनवर त्यांनी वर्षानुवर्षं पिक ओतले आहेत.

बरं, ऑफेन्सिव्ह लाइन दुबळी आहे, मान्य. अँड्र्यू थॉमस दुखापतीने बसला की सगळं कोसळतं आणि इव्हन नीलचा सातवा पिक फुकट गेला. पण म्हणून तिसऱ्या क्रमांकावर हातांच्या लांबीवरून स्काउटांत वाद असलेला टॅकल घ्यायचा? क्वार्टरबॅक हवा होता ना? त्याच रात्री वर सरकून २५ व्या क्रमांकावर जॅक्सन डार्ट घेतला की! ट्रॅव्हिस हंटर हवा होता म्हणाल, तर तो दोनावरच जॅग्वार्सनी उचलला. तरी रडतोच आहोत.

पैशाचंही ऐका. तिसऱ्या पिकचा चार वर्षांचा करार स्लॉटनुसार (पिकच्या क्रमांकावरून) ठरलेला असतो, साधारण साडेचार कोटी डॉलर. बर्न्सचा पाच वर्षांचा करार १४.१ कोटींचा आहे. मार्च २०२५ मध्ये क्लीव्हलँडचा एज रशर माइल्स गॅरेटने वर्षाला ४ कोटींवर सही केली. तयार रशर बाजारात याच भावाने मिळतात. थिबोडोचं पुढे काय करायचं, हा प्रश्नही आता घाईने सोडवावा लागणार नाही.

आणि कृपा करून नोव्हेंबरमध्ये सॅक मोजत बसू नका. मारिओ विल्यम्सला पहिल्या वर्षी साडेचारच सॅक मिळाले. तळपायाच्या दुखण्याने, प्लांटर फॅसायटिसने, तो मोसमभर बेजार होता. एज रशरचा सगळा जोर पहिल्या पावलात असतो आणि वाकताना सगळं वजन एका पायाच्या कडेवर येतं. तो पाय दुखत असेल तर उरतो फक्त हाताचा धक्का. लोक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. हो, व्हिन्स यंग त्या वर्षी ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर झाला, डिसेंबरमध्ये ह्यूस्टनमध्येच येऊन ओव्हरटाइमला ३९ यार्ड पळून टेक्सन्सना हरवूनही गेला. नाकारत नाही. पुढच्या वर्षी विल्यम्सचे १४ सॅक, त्याच्या पुढच्या वर्षी १२, आणि कारकिर्दीत एकूण ९७.५. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर त्याची माफी मागितली असेल?

कार्टरबद्दल खरी काळजी मलाही एकच आहे आणि तीही पायाचीच. कंबाइनच्या (ड्राफ्टआधी खेळाडूंच्या चाचण्या होतात त्या शिबिराच्या) तपासणीत त्याच्या उजव्या पायाच्या हाडात स्ट्रेस रिअॅक्शन दिसली. म्हणजे हाड मोडलेलं नाही, पण सतत भार पडला तर मोडू शकतं. त्याने शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय घेतला. खांद्याची दुखापत निराळी, ती बॉइसी स्टेटविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यातली. म्हणून आपल्या डिफेन्सच्या कोचकडे एकच मागणं आहे. मे-जूनच्या सरावात त्याला रोज पळवू नका, कॅम्पमध्ये दिवसाआड पूर्ण सराव द्या, आणि मोसमाच्या सुरुवातीला सामन्यात तीस-पस्तीस स्नॅप, तेही बहुतेक पासिंग डाउनला. बर्न्स आणि थिबोडो आहेत म्हणूनच ही चैन परवडते.