भाडेकरूने केस करू नये म्हणून मालकाने काय काय करावं

वाकड-हिंजवडीला दुसरा फ्लॅट घेतलात म्हणजे आता तुम्ही इन्व्हेस्टर झालात, अभिनंदन. आणि इन्व्हेस्टर झालं की पहिली धास्ती भाडेकरूची, तो घर बळकावणार, केस टाकणार, मग आपण सत्तरीपर्यंत स्मॉल कॉजेसच्या, म्हणजे भाड्याच्या भांडणांच्या कोर्टाच्या तारखा घेत बसणार. धास्ती अगदीच उगाच नाही, मुंबईत पागडीच्या घराचा विषय काढून बघा, मालकाचा चेहराच सांगतो. म्हणून आधीच सावध राहिलेलं बरं.

पहिलं म्हणजे ॲग्रीमेंट रजिस्टर करायचं नाही. अकरा महिन्यांचं आहे ना, मग कशाला रजिस्टर, असं ब्रोकर म्हणतो आणि ब्रोकर म्हणजेच कायदा. तसा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पण आहे म्हणा, त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, महिने अकरा असोत नाहीतर तीन, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नाही केली आणि भांडण झालं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसा, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खर्च बघा ना किती! महिना वीस हजार भाडं धरलं तर अकरा महिन्यांच्या भाड्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्यूटी म्हणजे साडेपाचशे रुपये, डिपॉझिटचे थोडे वरचे, नोंदणीचे हजार. ऐंशी लाखांच्या फ्लॅटसाठी एवढी उधळपट्टी कोण करतं? त्यापेक्षा स्टॅम्प पेपर आणून नोटरीचा शिक्का मारा. आता २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभरचा जाऊन पाचशेचा आलाय, त्यामुळे ड्यूटीतली बचत उरली पन्नास रुपये, पण बचत ती बचत.

रजिस्टर केलंत तर अजून एक लफडं होतं. मुदत संपूनही लायसन्सी, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा आपला भाडेकरू, हलला नाही तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, तिथे तो करारच पुरावा, आणि जितके दिवस तो बसून राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. म्हणजे कायदा मालकाच्या बाजूने! मग आपण पार्किंगमधे उभं राहून कायदा भाडेकरूंचेच लाड करतो म्हणून कशाच्या जोरावर बोंबलणार?

पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्म पण सोडून द्या. पोलिस आयुक्तांचा आदेश मोडला म्हणून गुन्हा दाखल होतो तो मालकावर, भाडेकरूवर नाही, पण तुम्ही मुलगा कुठल्या गावचा, आडनाव काय, अंडं खातो का, एवढं सगळं विचारून झालेलं असतं, अजून काय व्हेरिफिकेशन राहिलं?

पावती द्यायची नाही. भाडं कॅशमधे घ्यायचं म्हणजे ते आलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही.

आता समजा भाडं थकलं. नोटीस, वकील वगैरे भानगडीत पडू नका, सरळ नळ बंद करा. त्याच भाडे कायद्याचं कलम २९ म्हणतं की योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, लिफ्ट तोडता येत नाही आणि भाडेकरू कोर्टातून ते परत सुरू करून घेऊ शकतो, पण प्लंबर आपला ओळखीचा असतो. तेवढ्यानेही नाही भागलं तर तो ऑफिसला गेल्यावर कुलूप बदला, सामान जिन्यात. घर माझं, कुलूप माझं, हा युक्तिवाद सोसायटीच्या मीटिंगमधे फार चालतो. कोर्टात थोडा कमी चालतो, कारण १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातलं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ म्हणजे सहा महिन्यांच्या आत त्याने दावा टाकला तर मालक कोण हा प्रश्नच तिथे येत नाही, ताबा कुणाचा होता आणि कायद्याच्या वाटेने काढला का एवढंच बघतात. म्हणजे तुमचं इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि कर्जाची फाईल घेऊन तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर.

डिपॉझिटचं तर बोलायलाच नको. भिंतीला एक खिळा दिसला की पूर्ण टू बीएचकेचा रंग कापा आणि रंग मात्र पुढच्या भाडेकरूकडून लावून घ्या. अमेरिकेतला भाचा फोनवर सांगेल की मामा तिकडे लोक प्रत्येक घराला वेगळी एलएलसी, म्हणजे छोटी कंपनी काढतात, इन्शुरन्स घेतात. त्याला म्हणावं आमच्याकडे त्यापेक्षा स्वस्त आहे, आम्ही फोनच उचलत नाही.

एवढं सगळं करूनही तो कोर्टात गेलाच तर समन्स घ्यायचं नाही. बेलिफ आला की बायकोला सांगायला लावायचं, हे गावाला गेलेत. तो दाराला चिकटवून जाईल, जाऊ दे, तुम्ही तारखेला जाऊच नका. आयुष्यभर तारखांची भीती होती ना, एकतर्फी निकालात तारखा फार लागत नाहीत.